दार लावून ऐका

"ऐका हो ऐका! दुसऱ्यांदा सांगणार न्हाई!" असा दम भरून आमचे कोतवालमामा प्रत्येक दवंडी तीनदा सांगायचे. मधेच कुणी विचारलं, "मामा, नळ सकाळी का संध्याकाळी?" तर चिडायचे आणि चौथ्यांदा सांगायचे. तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याच्या तोंडून आल्याशिवाय कुठलीच बातमी खरी वाटत नाही. मामा आता लेकीकडे पुण्याला असतात. पाण्याचे निरोप आम्हाला मोबाईलवर येतात, आणि तरी लोक मला फोन करून विचारतात, खरं आहे का म्हणून.

तेव्हा मी वडीगोद्रीजवळच्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या संगणकावर बसायचे. वरून आलेला कागद छापायचा आणि मामांना समजावून द्यायचा, हे माझं काम. टाळेबंदीचा पहिला कागद आला. मी वाचू लागले, "विलगीकरण, सामाजिक अंतर..." मामांनी हात वर केला.

"ताई, हे मराठीत सांगा."

"घरात राहायचं, एका जागी जमायचं नाही."

"मंग असं म्हणा की! सरकारला सोपं बोलाया काय होतं?"

पारापाशी जाऊन त्यांनी हलगी वाजवली आणि काय सांगू तुम्हाला! हलगी वाजली की हातातलं काम टाकून पारापाशी यायचं, ही आमची जन्माची सवय. बायका पदराला हात पुसत आल्या, पत्ते खेळणारे पत्ते घेऊनच आले, दोन म्हातारे तर जागा धरून बसले. "गर्दी करू नका" हे ऐकायला अख्खं गाव खांद्याला खांदा लावून उभं! मी धावत गेले.

"अहो मामा, हे काय करून ठेवलंत?"

"म्या काय केलं? तुमीच म्हणल्या सगळ्यांला सांगा. सगळे आले, सगळ्यांला सांगितलं. बराबर हाय की!"

दुसऱ्या दिवशी ते चालता चालता वाजवू लागले, तर लोक वरातीसारखे मागून चालले. तिसऱ्या दिवशी मामांचं डोकं फिरलं. "आजपसून हलगी वाजली की घरात जायाचं आन् दार लावून ऐकायचं! ज्याचं दार उघडं दिसंल त्याचं नाव घेऊन सांगीन!" आणि खरंच सांगितलं. सुरुवात सरपंचांपासून. "सरपंचाचं दार उघडं हाय हो! आत वहिनी भाकरी थापून राह्यल्या!" चार दिवसांत अशी शिस्त लागली की हलगीचा आवाज आला की गल्लीभर धाडधाड कड्या लागायच्या. भीती होतीच. कुणी साधं शिंकलं तरी चार घरांत चर्चा व्हायची. पण त्या कड्यांच्या आवाजाला आम्ही पोट धरून हसायचो.

मग शहरांतून माणसं परतू लागली आणि गाव बिथरलं. पोरांनी वेशीच्या रस्त्यावर बैलगाडी आडवी लावली, वर बाभळीच्या काट्या टाकल्या. येणाऱ्याला चौदा दिवस शाळेत ठेवा, असा कागद होता. गाव म्हणालं, शाळेतसुद्धा नको, कुणालाच आत घ्यायचं नाही. मामांनी सकाळी तशी दवंडी दिली.

त्याच दुपारी त्यांची लेक काट्यांपलीकडे येऊन उभी राहिली. नववा महिना सरत आलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नवरा-बायको पुण्याहून भाजीच्या रिकाम्या टेम्पोत बसून आले होते, शेवटचे दोन कोस पायी. तिच्या पायांवर इतकी सूज होती की चप्पल हातात घेतलेली. गाडीअलीकडे माणसं जमली, मामाही आले.

"आबा, बसायला तरी जागा दे रे," ती म्हणाली.

गाडीपाशी उभा असलेला एक पोरगा म्हणाला, "मामा, सकाळी तुमीच सांगितलं न्हाई का?" त्याच्या मुस्काटात द्यावी असं मला वाटलं, पण तो खोटं बोलत नव्हता. मामा लेकीला एवढंच म्हणाले, "थांब माय, आलोच." आणि तरातरा पाराकडे गेले.

हलगी वाजली. सवयच ती, वेशीवर जमलेलेसुद्धा घराकडे पळाले. कड्या लागल्या.

"ऐका हो! माही लेक आलीय, जावई बी हाय संगं, दिस भरलेत तिचे! कागदात शाळा लिव्हलीय, मी दोघांला शाळंत नेऊन राह्यलो. मी आन् तिची माय बी तिथंच ऱ्हाऊ, चौदा दिस गावात पाय ठेवणार न्हाई. ज्याला मंजूर न्हाई त्यानं दार उघडून सांगावं!"

एकही दार उघडलं नाही. तेवढ्यात एक कडी वाजली. सरपंचांचीच! झालं, संपलं, असं मला वाटलं. दार उघडलं, वहिनींनी एक बाज बाहेर ढकलली आणि दार परत लावून घेतलं.

मग शेजारून गादी आली. शेगडी आली, गोवऱ्या आल्या, तिळाच्या तेलाची बाटली, जुन्या लुगड्यांचा गठ्ठा. दार उघडायचं, वस्तू ओट्यावर यायची, दार लागायचं. मामा या ओट्यावरून त्या ओट्यावर जात होते आणि लहान मुलासारखे रडत होते. मीही रडले, कशाला लपवू? मघाच्या त्या पोराने स्वतःच काट्या उपसल्या आणि तीच गाडी सामान भरून शाळेपर्यंत ओढत नेली.

सहाव्या दिवशी सकाळी उपकेंद्रातल्या सिस्टर घाईघाईने शाळेत शिरल्या. मी फाटकाबाहेर उभी. दीड-दोन तासांनी मामा पटांगणात आले.

"मामा, काय झालं? बोला ना जल्दी!"

त्यांनी तोंड उघडलं, आवाजच फुटेना. सगळ्या गावाला ऐकू जाणारा तो घसा, त्यातून साधा हुंकार निघेना. शेवटी दोन तळवे हातभर अंतरावर समोर धरले आणि पुटपुटले, "येवढी हाय."

येवढी! पुढचं ऐकायला मी थांबलेच नाही. गल्लीगल्लीतून ओरडत सुटले, "मुलगी झाली हो, मामांना नात झाली!" बंद दारांआडून टाळ्या वाजल्या, कुणी ताट बडवलं. आणि एका दाराआडून आवाज आला, "आन् लेकीचं कसं हाय?"

माझे पायच थांबले. ते मी विचारलंच नव्हतं! आल्या पावली फाटकाकडे पळाले. "मामा, लेक?"

"बरी हाय. झोपलीय," ते म्हणाले. भर पटांगणात ते तसेच उभे होते, दोन्ही तळवे समोर धरून, मधे तेवढंच अंतर ठेवून.