तापलेली वखार

निपाणीच्या पेठेमागच्या गल्लीत भुजबली आप्पांची तंबाखूची वखार आहे. आहे म्हणजे दगडी भिंती आहेत, वर पत्रे आहेत आणि दमट हवेत अजून नाकाला झोंबणारा उग्र वास आहे. तंबाखूचं पान मात्र आत औषधालाही सापडायचं नाही. त्याच्या जागी लोखंडी मांडणीवर बारा ग्राफिक्स कार्डं ओळीनं बसली आहेत. त्यांचे पंखे अष्टौप्रहर घरघरत असतात. गल्लीतल्या बायका म्हणतात, आप्पांच्या लेकानं गिरणी घातली खरी, पण पीठ काही बाहेर येईना.

लेक म्हणजे गोमटेश. बेळगावला इंजिनिअर झाला, पुण्यात नोकरीला लागला, टाळेबंदीत घरी आला आणि आभासी नाण्यांच्या नादी लागला. ही नाणी खणून काढतात असं म्हणायची पद्धत आहे, पण कुदळ-फावडं कुठंच नाही. कार्डांनी न थांबता गणितं सोडवायची आणि त्या बदल्यात नाण्याचा तुकडा पदरात पाडून घ्यायचा. गोमटेशला मात्र नाण्यापेक्षा कार्डांचंच वेड. कारखान्यानं ठरवून दिलेल्या वेगाहून कार्ड जास्त पळवायचं, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. पळवलं की ते तापतं, आणि तापलं की अडतं, म्हणून मग त्याला थंड ठेवायची खटपट. उष्णता ओढणारी जुनी पेस्ट खरवडून नवी लावायची, पंख्याचं तोंड फिरवून बघायचं, वीज चिमूटभर कमी करायची. एक अंश खाली आणण्यापायी तो ताटावरून उठायचा. आतला खकाणा तर जन्माचा वैरी. पिढ्यान् पिढ्यांची तंबाखूची भुकटी भिंतींच्या सांध्यांत बसलेली. ती पंख्यात शिरायची आणि हा ब्रश घेऊन कार्डामागून कार्ड झाडत बसायचा. तेव्हा त्याला त्यात सुख होतं, हे खोटं नाही.

पुढच्या वर्षी गावात मुनिमहाराजांचा चातुर्मास झाला. जैनाच्या घरात तंबाखूचा धंदा, ही सल आप्पांच्या मनात फार वर्षांची. गोमटेशनं ती बरोबर हेरली. "आप्पा, सोडा की आता," तो म्हणाला. "माझ्या मशिनीनं ना जीव मरत, ना कुणाची छाती खराब होत. कोपरा पुरत नाही, सगळी वखार मला द्या." आणि आप्पांनी महाराजांपुढं श्रीफळ ठेवून नियम घेतला: तंबाखूला पुन्हा हात लावणार नाही. नियम एकदा घेतला की घेतला. त्यात मागं फिरायला वाट नसते, आणि आप्पा फिरणाऱ्यांतले नव्हतेच.

फिरलं ते नाणं. ज्या नाण्यासाठी हा पसारा मांडला होता, त्यानं आपली रीतच बदलली आणि कार्डांची गरज एका दिवसात संपली. गोमटेश मग कुणी नाव न ऐकलेली चिल्लर नाणी खणू लागला. त्यात विजेचं बिलसुद्धा सुटेना. शहाण्या माणसानं तेव्हाच सगळं विकून टाकलं असतं. गोमटेशही शहाणाच होता, पण वखारीत आप्पा होते.

तंबाखू सुटल्यावर आप्पांनी मशिनींची राखण धरली होती. सकाळचं देवदर्शन आटोपलं की वखारीच्या दाराशी स्टूल टाकून बसायचे. उन्हाळ्यात गोणपाटं भिजवून खिडक्यांना लावायचे, तंबाखूच्या वखारीत लावत तशीच. ओल कार्डांना बाधते, असं गोमटेशनं नाना परीनं सांगून पाहिलं. आप्पा मान डोलवायचे आणि दुपारी गोणपाट भिजवायचे. तंबाखूचा ढीग आतून तापला की व्यापारी त्यात कोपरापर्यंत हात घालून बघतो, तसे ते प्रत्येक कार्डापाशी तळहात नेऊन म्हणायचे, "ह्यो जरा गरम हाय बघ, गोमटेश." एवढ्या मायेनं कुणी राखण करत असेल तर त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं की यात आता राम उरला नाही? धंदा याच्याच शब्दावर सोडलेला. मशिनी बंद केल्या तर आप्पांनी उठून जायचं कुठं? गोमटेशनं तीन-चारदा तोंड उघडलं आणि दर खेपेस नुसता चहा मागितला.

तिकडं त्याची बायको दिव्या बेळगावला अनगोळात माहेरी राहून शाळेत शिकवत होती. लेक तिच्यापाशीच. या जूनमध्ये लेकीची शाळा सुरू व्हायची होती. गोमटेशलाही बेळगावात नोकरी मिळत होती. मेअखेर हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल, असं त्यांनी स्पष्ट कळवलेलं. "आप्पांना घेऊन या, नाहीतर एकटे या, पण या," दिव्या म्हणाली. "पोरगी तुम्हाला फोनमधला माणूस समजाय लागलीय."

तेव्हा गोमटेशनं ठरवलं की आपण काही बोलायचं नाही. कार्डांनीच मरावं. उन्हाळ्यानं मशिनी गेल्या म्हटलं की संपलं. दोष कुणाकडं नाही, मन कुणाचं मोडत नाही. हे त्यानं दिव्याच्या कानावर घातलं. ती म्हणाली, "सरळ बोलला असता तर बरं झालं असतं. पण कसंही करून या."

आप्पा जवळच्या स्तवनिधी तीर्थावर अभिषेकासाठी जाणार होते, तो दिवस त्यानं धरला. आप्पांना बसमध्ये बसवून तो वखारीत आला. तापलेलं कार्ड एरवी आपणहून मंदावतं. ती सोय त्यानं हौसेच्या दिवसांत कधीच काढून टाकली होती. वेग शेवटपर्यंत चढवला. पंखे थांबवले. भिंतीतला मोठा पंखाही बंद केला, खिडक्या लावून घेतल्या. आत आग धरेल असं काही नव्हतं, नुसता दगड आणि लोखंड. तरी कुलूप लावताना त्याला रडू आलं. एकेका अंशासाठी जीव टाकलेली कार्डं ती. मग तो बेळगावच्या गाडीत बसला.

अनगोळात तो लेकीला मांडीवर घेऊन जेवत होता, तेवढ्यात आप्पांचा फोन आला. "गोमटेश, मशिनी लई तापल्यात बघ! तू ये लगोलग."

निपाणीच्या अलीकडचा तवंदी घाट उतरून तो थेट वखारीवर आला. वखारीचं दार सताड उघडं होतं आणि खिडक्यांना ओली गोणपाटं. आप्पा स्टुलावर घामानं निथळत बसले होते. मांडीवर तंबाखू पाखडायचं जुनं सूप, उजव्या हाताला ओलं फडकं.

"अभिषेकाला उभा व्हतो," आप्पा सांगू लागले, "ऊन बघून मन लागंना. म्हटलं, आज मशिनीपाशी कोण न्हाय. पर्सादाला बी थांबलो न्हाय. येऊन दार उघडलं तर भट्टी! भिताडाचा पंखा लावला, मग सुपानं वारं घालत बसलो. एक गेली वाटतं. बाकीच्या हायत."

"आणि हात?"

"सवयीनं ठेवला की रं वर. चिकटलाच."

"मेन स्विच का न्हाय पाडला, आप्पा?"

आप्पांना या प्रश्नाचंच नवल वाटलं. "तूच सांगितलंयस की. काय बी होऊ दे, त्या बटणाला हात लावायचा न्हाय म्हणून."

गोमटेशनं फडकं सोडलं. तळहाताची कातडी सुटून आली होती. घरातून मलम आणून तो लावू लागला. आप्पांनी हात पुढं करून मान दुसरीकडं वळवली आणि भिंतीतल्या पंख्याच्या घरघरीवरून जरा मोठ्यानं म्हणाले, "खरं सांगू? मला ह्यातलं काय कळत न्हाय. ह्यो आवाज तर सोसतच न्हाय, डोकं उठतंय नुसतं. तुजी आक्का-आत्या कवापास्नं बलवतीया, चार महिनं येऊन ऱ्हा म्हणून. पर तुजा जीव हाय ह्यात. तू एकटा किती बघशील? म्हणून बसतो."

गोमटेशचं बोट तळहातावर थांबलं. दोन वर्षं ज्याच्यासाठी मशिनी चालवल्या, तो माणूस याच्यासाठीच त्या राखत बसला होता. आता बोलायला काय हरकत होती? एक वाक्य पुरे होतं. पण ते वाक्य सकाळी सोपं होतं. आता त्याच्या पुढचंही सांगावं लागलं असतं: की ही भट्टी मीच पेटवली, आप्पा, आणि तुम्ही हात भाजून घेतलात तो मी मारायला काढलेल्या मशिनींवर. त्यानं तोंड उघडलं. आप्पा त्याच्याकडं बघत होते, कौतुकाची वाट बघणाऱ्या पोरासारखे.

"लई मोठं काम केलंत, आप्पा," तो म्हणाला.

मग तो उठला, संगणकापाशी गेला, वेग उतरवला आणि पंखे एकेक करून पुरते चढवले. अकरा कार्डं पुन्हा एका सुरात घरघरू लागली. आप्पांनी डाव्या हातानं स्टूल पुढं ओढलं.

खिशातला फोन थरथरला. गोमटेश दारापाशी ओल्या गोणपाटाला टेकून उभा राहिला. फोनमधून लेक काहीतरी गुणगुणत असलेली ऐकू येत होती.

"झालं का?" दिव्यानं विचारलं.

"वाचल्या," तो म्हणाला.

"कुणी वाचवल्या?"

आतून आप्पांनी हाक मारली, "गोमटेश, दिव्याचा फोन हाय व्हय? तिला सांग, काळजी करू नगं म्हणावं. मी हाय हितं."