ठिणगीच्या मागावर सयाजी

सयाजीच्या पायाला भिंगरी. चाकणच्या कंपनीत एका जागी उभं राहून नट आवळायचं काम त्यानं सोडलं आणि टेकडीवर कॉलेजच्या तबकड्या आहेत, तिथं नोकरी धरली. या तबकड्या आभाळातल्या रेडिओलहरी टिपतात. पण खाली कुठं विजेची ठिणगी उडाली, की तिचीच खरखर त्यात भरते. हातात अँटेना घेऊन वस्त्यावस्त्यांतून ती ठिणगी हुडकायची, हे सयाजीचं काम.

सध्या तबकड्या रोखल्या होत्या एका कोवळ्या ताऱ्यावर. वयानं कोवळा, पण सूर्याच्या कैक पट थोराड. भोवतीचा वायू अजून गिळतच होता, आणि मधेच एकाएकी भडकला होता. भडका कधी ओसरेल नेम नाही. त्यात सकाळपासून खरखर. टेकडीवरून ताऱ्याची नोंद घेणाऱ्या वर्षाली मॅडमचे फोनावर फोन.

"सयाजीभाऊ, दोन तासांत तारा मावळतोय. सापडलं का काही?"

अँटेनाच्या यंत्राचा काटा थरथरत सयाजीला घेऊन गेला तो थेट आत्याच्या दारात. तानाबाईआत्यानं शेळ्यांच्या वाड्याभोवती झटका मशीनची, शिवणाऱ्या जनावराला विजेचा झटका देणारी तार ओढली होती. माजलेलं गवत तारेला टेकलेलं, आणि जागोजाग चटचट ठिणग्या.

"आत्ये, मशीन बंद कर. तारा ऐकायचाय."

"भर दुपारी तारा? पिऊन आलायस व्हय रं?"

"दिसत न्हाई, पर लहरी येत्यात त्याच्या."

"आन् बिबट्याच्या येत्यात का? परवा लाईट गेली तवा अशाच दुपारी करडू उचललं त्यानं. तवा तुझी अँटेना कुठं उलथली हुती?"

सयाजीनं विळा घेतला. चार हात गवत कापलं. तारेखालचं अजून केवढं तरी उरलेलं! फोन पुन्हा वाजला. त्यानं विळा भिरकावला आणि काठी उचलली.

"कर बंद. मी राखतो."

"तू? घटकाभर तरी बसवंल का तुला?"

"बसतो म्हनलं न्हवं!"

म्हातारीनं शिव्या घालत खटका पाडला. लगोलग फोन आला. "खरखर गेली! नोंद सुरू झाली."

सयाजी वाड्यालगतच्या उसाकडं तोंड करून बसला. ऊस सळसळला. उठला. वारा होता. बसला. पुन्हा सळसळ, आणि या खेपेला वारा पडलेला. शेळ्या एकमेकींना चिकटल्या.

"सयाजी, मशीन चालू करते रं!"

"नगं! खटक्याला हात लावू नगं!"

त्यानं वाड्याच्या पत्र्यावर काठी हाणली, बोंब ठोकली, आणि तारा मावळेस्तोवर वाड्याला फेऱ्या मारत पत्रा बडवीत राहिला.