वेलिंग्टनला आलेलं जपानी जहाज

डिझेल आणि ओल्या रंगाचा वास एकत्र आला की मला वेलिंग्टनच्या धक्क्यावरचा एक शनिवार आठवतो. सासूबाई गेल्यावर आम्ही सासऱ्यांना मुंबईहून इकडे परदेशात, वेलिंग्टनजवळच्या लोअर हटला आमच्या घरी आणलं होतं, पण मुंबईच्या गोदीत लढाऊ जहाजं दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेला तो माणूस दिवसभर खिडकीशी बसून असायचा आणि "माझं परतीचं तिकीट बघ," एवढंच म्हणायचा. जपानी नौदलाचं जहाज लोकांना बघायला खुलं आहे असं कळलं, तशी मी त्यांना आणि माझ्या लेकीला ट्रेनने घेऊन गेले. डेकवर भन्नाट वारा होता. पांढऱ्या गणवेशातली एक तरुण अधिकारी सावकाश इंग्रजीत सांगत होती, की हे जहाज बरीच वर्षं एस्कॉर्ट म्हणून इतर जहाजांना सोबत करायचं, आणि वय झाल्यावर त्याला भंगारात न काढता शिकाऊ अधिकाऱ्यांसाठी ठेवून घेतलं. सासऱ्यांनी कठड्यावरून हळूच तळवा फिरवला. "म्हणजे आता हे पोरांना शिकवतं," ते मला म्हणाले, आणि मग इंजिनाबद्दल तिला इतकं विचारत राहिले की तिने हसत खुर्चीच मागवली. परतताना ट्रेनमध्ये ते लेकीला म्हणाले, "तुझी ती मोडकी सायकल उद्या खोलू या का?" ती इथल्या पोरांसारखं "चालेल, मस्त" अशा अर्थाने म्हणाली, "स्वीट अ‍ॅज, आजोबा." त्या उन्हाळ्यात दोघांनी खोललेल्या सामानामुळे आमच्या गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आता ते नाहीत. सगळं इंग्रजीत बोलणारी माझी लेक दुरुस्तीला गाडीखाली शिरली की मात्र हात बाहेर काढून म्हणते, "आई, पाना दे."