बाकावरचा दुसरा माणूस

घोडेगावहून डिंभ्याकडे जाताना एक मोरी लागते. तिथं आलो की ते प्रकरण अजूनही मनात उभं राहतं. नावं कुणाचीच घेत नाही.

मोरीखाली एका शेतकऱ्याचं प्रेत सापडलं होतं. डोक्याला मार होता. आदल्याच दिवशी बांधावरून त्याचं शेजाऱ्याशी कडाक्याचं भांडण झालेलं, त्यामुळे गावानं निकाल लावून टाकला. शेजाऱ्याला आम्ही चौकशीसाठी वरचेवर ठाण्यात बोलावत होतो. तो एकच सांगायचा, "साहेब, भांडलो, शिव्या दिल्या. पण हात न्हाई लावला." तोवर त्याच्या मुलीची ठरत आलेली सोयरीक मोडली होती.

मग खबऱ्याकडून कळलं, की त्याच सुमारास गावातल्या एका पिकअपचा पुढचा दिवा मंचरला बदलला गेलाय. आम्ही मोरीपाशी पुन्हा पंचनामा केला. गवतात काचेचे तुकडे मिळाले.

पिकअपचा चालक तिशीतला, ख्रिस्ती कुटुंबातला, गावात सरळ म्हणून ओळखला जाणारा. रानडुक्कर आडवं आलं, असं तो म्हणाला. कुठं, ते मात्र दर वेळी वेगळं सांगायचा. एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बाहेर बाकावर बसलेल्या त्या शेजाऱ्याकडे बघायचं तो टाळत होता. मी त्यालाही त्याच बाकावर बसवलं आणि दिवसभर काहीच विचारलं नाही. संध्याकाळी दोघांना घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चालक आपणहून आला. सोबत त्यांच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, वयस्कर पाळक होते.

"साहेब, माझ्याच गाडीनं गेला तो माणूस," चालक म्हणाला. "मी रोज प्रार्थनेत कबूल करत व्हतो. देव माफ करतो, आमी तेच मानतो. पण माझं पाप बाकावरचा माणूस भोगत व्हता."

मी पाळकांना विचारलं, "देवानं माफ केलंय, तर इथं कशाला आणलंत?"

"कृपा फुकट मिळते, साहेब. इथं येऊन तो ती विकत घेत नाय. ती मिळालीय, म्हणून खरं बोलायचं बळ आलंय."

पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात टिकत नाही. म्हणून त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर केलं. तिथंही तो तेच बोलला. मंचरच्या गॅरेजमध्ये पडलेल्या जुन्या दिव्याशी काचेचे तुकडेही जुळले. शेजारी संशयातून सुटला.

न्यायालयाच्या आवारात चालकानं मयताच्या बायकोपुढे हात जोडले. ती म्हणाली, "थांबून दवाखान्यात नेलं असतंस तर वाचले असते का?"

"ठाऊक नाय, ताई. मी उतरून बघितलंच न्हाई."

"तुझ्या देवानं माफ केलं असंल. मला येळ लागंल," ती म्हणाली आणि निघून गेली. चालकाला शिक्षा झाली. त्यानं अपील केलं नाही.

नोकरीत मी पुष्कळ कबुलीजबाब ऐकले. बहुतेक शिक्षा कमी व्हावी म्हणून दिलेले. याला तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाण्याआधी वकिलानं बजावलं होतं, की पुरावा कच्चा आहे, गप्प बस. माफीवर ज्याचा खरा विश्वास असतो तो शिक्षेला कमी घाबरतो, हे मी तिथं पाहिलं. त्या बाईनं पुढे त्याला माफ केलं की नाही, ते मी कधी विचारलं नाही. ते विचारायचा अधिकार पोलिसाला नसतो.