कोरड्या डोळ्यांची मंगलाष्टके

अकोल्याच्या स्टेशनवर गाडी हलली, तेव्हा वडिलांनी खिडकीच्या गजांवर हात ठेवून एवढेच सांगितले, "रडू आलं तं स्तोत्र म्हन, बाबू." बाळापुरात भिक्षुकी करणाऱ्या त्या साध्या माणसाजवळ देण्यासारखे तेवढेच होते. मी सोळा वर्षांचा, अमरावतीच्या पाठशाळेत निघालेला. बडनेऱ्यापर्यंत स्तोत्र म्हणत गेलो आणि रडलो नाही.

ईश्वरकृपेने विद्या लाभली, पुढे अमरावतीच्याच हायस्कुलात संस्कृत शिकवण्याची नोकरीही. पण त्या उपदेशाचा मला फार सराव झाला. खानावळीत एकट्याने जेवताना घास अडला, की मी मनात वृत्त जुळवू लागे. चार चरण होईपर्यंत दुःख कुठे गेले ते कळत नसे. वडील गेले, तेव्हा तेरा दिवस माझ्या मंत्रोच्चारात एक स्वर चुकला नाही. लोक म्हणाले, पोरगा धीराचा आहे. तो धीर नव्हता. आत काही हलतच नव्हते.

धाकट्या बहिणीच्या, कुसुमच्या, लग्नात मंगलाष्टके मीच रचली आणि म्हटली. भावाचे डोळे कसे पाझरतात, घर कसे ओस पडते, असे सारे त्यांत होते. बायका पदराने डोळे पुसत होत्या. कानपिळीला नवरदेव म्हणाला, "जोरात पिळा, शास्त्रीबोवा! का मुहूर्त पाहून राहिले?" मांडव हसला. मी विधी उरकावा तसा कान पिळला.

पाठवणीच्या वेळी कुसुम पाया पडली आणि हळूच म्हणाली, "दादा, अष्टकात तं तू लय रडला. मंग डोये कोरडे काहून तुहे?"

मी आशीर्वादाचा श्लोक म्हटला. तिने तो पुरा ऐकून घेतला, आणि नांदगावला सासरी गेली.

त्या प्रश्नाने मला आठ दिवस संध्या नीट करू दिली नाही. अखेर पोस्टकार्ड घेतले. सवयीने पहिली ओळ वृत्तातच उतरली, ती खोडून खाली लिहिले, "कुसुम, मले इथं करमत नाई. बाबा गेल्यापासून मी रडलो नाई." तेवढ्यावरच सही केली. कार्ड टपालपेटीत पडल्यावर ध्यानात आले, की ते उघडे आहे; तिच्या सासरी सारे वाचतील. लाजेने मी अर्धमेला झालो.

उत्तर आले : "दादा, कार्ड साऱ्याइनं वाचलं. सासूबाई म्हने, बोलाव त्याइले. रविवारी ये. श्लोक नको आनू."

गाव सोडलेल्या आणि गावीच राहिलेल्या माझ्या माणसांनो, घर कोणते असे मला विचाराल, तर मी नांदगावचा तो परका उंबरठा सांगेन. तिथे कुसुमने दार उघडले, मी बोलायला तोंड उघडले, आणि शब्दाऐवजी हुंदका आला.