त्या मालिकेत आई नव्हती

धुळीने भरलेल्या चौकात गुडघे टेकून बसलेला एक मुलगा, त्याच्या डोक्यावर टेकलेला म्हाताऱ्या सेनापतीचा अंगठ्यांनी भरलेला हात, मागे फडफडणारे लाल झगे आणि वाजत राहिलेले नगारे… प्राचीन रोममधले एवढे एक दृश्य माझ्या बालपणातून कोणी कापून काढले असते, तर बाकीचे बालपण मी आनंदाने जपले असते.

ती परदेशी मालिका होती आणि तमिळमध्ये बोलत होती. रोमचे सरदार जुन्या दरबारी तमिळमध्ये एकमेकांना ‘मन्ना’, म्हणजे राजा, म्हणत, कट करत, मरत. अप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, “हे सगळे आमच्या शाळेतल्या तमिळ वाध्यारांच्या हाताखाली शिकलेले दिसतात.” आम्ही हसायचो. आम्ही तंजावरकडचे मराठी. घरात कित्येक पिढ्यांपूर्वीची मराठी, रस्त्यावर तमिळ, शाळेत इंग्रजी. त्यामुळे रोमन माणूस तमिळ बोलतो याचे आम्हांला फारसे नवल वाटत नसे.

आमचे घर तांबरमला, स्टेशनपासून चालत जाण्याइतके जवळ. अप्पा इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात होते. कंपनीची बस त्यांना पहाटे न्यायची आणि संध्याकाळी, कपड्यांना लागलेल्या यंत्रांच्या तेलाच्या वासासकट, परत आणून सोडायची. रविवारचा वास मात्र वेगळा असे. अम्मा सकाळी माझ्या आणि रघूच्या, माझ्या थोरल्या भावाच्या, डोक्यावर कोमट तीळतेल थापायची, मग शिकेकाईने खसाखसा चोळायची. डोळे चुरचुरत, केसांना दिवसभर तो तुरट, मातकट वास राही… आणि ओल्या केसांनीच आम्ही लोकल पकडून क्रोमपेटला पेरियप्पांकडे जायचो.

पेरियप्पा अप्पांचे थोरले भाऊ. आजोबा लवकर गेल्यावर त्यांनीच अप्पांना वाढवले, शिकवले. त्यामुळे अप्पा त्यांच्यासमोर कधी खुर्चीवर बसले नाहीत. पेरियप्पांना मूल नव्हते. त्यांच्याकडे गच्चीवर वाळणारे भाज्यांचे वत्तल होते, त्यांच्या बायकोच्या, पेरियम्मांच्या, हातची डांगर पच्चडी होती, आणि आमच्याकडे नसलेले केबलचे कनेक्शन होते. रविवारी अकराला आम्ही सगळे त्यांच्या गार, लाल फरशीवर बसून रोम पाहायचो. रघू सर्वांत पुढे, पडद्याला जवळजवळ नाक लावून.

त्या मालिकेतला म्हातारा सेनापती निपुत्रिक होता. भाग पुढे सरकत गेले तसे स्पष्ट झाले की तो आपल्या नात्यातला एक मुलगा दत्तक घेणार. मुलगा कोणाचा, कुठल्या घरातून आला, याच्याशी लेखकाला काही देणेघेणे नव्हते. त्याला घोडा मिळाला, तलवार मिळाली, नवे नाव मिळाले. पेरियप्पा रघूकडे पाहत म्हणायचे, “काय तळपती, येतोस का माझ्याकडे? घोडा नाही, स्कूटर आहे.” तळपती म्हणजे सेनापती. रघू लाजून हसायचा. पेरियम्मा त्याच्या ताटात आणखी एक वडा टाकायच्या. अम्मा हसत नसे.

थट्टेचा अर्थ तिला आमच्याआधी कळला होता. रघूची मुंज दोन वर्षे लांबत होती. अप्पांनी विषय काढला की पेरियप्पा म्हणत, “घाई काय आहे? पुढच्या वर्षी पाहू.” घराण्याचे उपाध्याय या बाबतीत जुन्या वळणाचे, मुलगा दत्तक द्यायचा तर मुंजीच्या आधी, मुंज दत्तक बापाने लावायची, एकदा जन्मदात्याने लावली की तो मुलगा त्याच घरचा, असे ते ठामपणे सांगत. आपणच आधी मुंज लावायची, एवढे एकच दार उघडे आहे हे अम्माने मग ओळखले. तिरुवल्लिक्केणीच्या मठात सामुदायिक मुंजी होत्या. तिने तिथे जाऊन रघूचे नाव घातले आणि मग अप्पांना सांगितले.

“अण्णाला काय सांगू?” अप्पा म्हणाले.

“मुंज झाल्यावर सांगा. जेवायला बोलवा, पाया पडा, काय वाटेल ते करा.”

“त्याने मला वाढवलं गं.”

“त्यांचे उपकार तुमच्यावर. माझ्या पोरावर नव्हे.”

अप्पा शेवटी “सेरी”, म्हणजे बरं, म्हणाले. इतकी वर्षे मी बातम्या लिहिल्या, माणसांच्या गप्प राहण्याचे अर्थ लावले; पण अम्मा त्या ‘सेरी’नंतर ज्या रीतीने उठून पितळी डबे घासायला बसली, तसा सुटकेचा श्वास मी पुन्हा कोणाच्या पाठीत पाहिलेला नाही.

मुंज रविवारी होती, मुहूर्त बारानंतरचा. अम्मा नऊवारी नेसून तयार, केळीच्या पानात बांधलेली फुले पिशवीत, मला नवा परकर… आणि रघू नाही. त्याची सायकलही नाही. त्याला कुठे शोधायचे हे कोणाला विचारावे लागले नाही. त्या दिवशी सेनापती मुलाला दत्तक घेणार, हे आठवडाभर जाहिरातीत दाखवत होते.

पेरियप्पांच्या दाराशी आम्ही पोचलो तेव्हा नगारे सुरू झाले होते. रघू त्याच्या जागी मांडी घालून बसला होता. पेरियप्पांनी अम्माच्या नऊवारीकडे पाहिले, अप्पांच्या उपरण्याकडे पाहिले, आणि त्यांना सगळे समजले. ते खुर्चीत सावरून बसले.

“ऊठ रघू, गाडी चुकेल,” अम्मा म्हणाली.

“एवढं संपू दे अम्मा.”

“ऊठ म्हणते ना.”

पडद्यावर मुलाने गुडघे टेकले. सेनापतीचा हात त्याच्या डोक्यावर आला. तेव्हा रघूने मागे वळून, डोळ्यांत निखळ आनंद घेऊन विचारले, “मलाही असंच नेणार ना, पेरियप्पा? मला यायचंय.”

पेरियप्पा अप्पांकडे वळले. ते म्हणाले, “ऐकलंस ना? मी मागितला नाही. आणि मला न कळवता मुंज?” अप्पांनी मान खाली घातली. ती गाडी गेली, तिच्या मागची गेली, मुहूर्त टळला. अम्माने पिशवीतली फुले पेरियम्मांच्या देवापुढे ठेवली, कारण ती कोमेजू लागली होती.

अप्पांनी थोरल्या भावाला शब्द दिला आणि दत्तविधान त्याच घरात झाले. त्या सकाळीही अम्माने रघूला शिकेकाईने न्हाऊ घातले होते. होमाच्या धुरात तिने आणि अप्पांनी पाणी सोडले. मग रीतीप्रमाणे पेरियप्पांनी रघूला मांडीवर घेतले आणि त्याचे मस्तक हुंगले… दत्तक घेणाऱ्याने हुंगायचे असते. अम्मा ते पाहत होती. त्या दिवसापासून रघूने तिला ‘चित्ती’ म्हणायचे, म्हणजे धाकटी काकू, असे ठरले. तो दोन-तीनदा चुकला, नंतर चुकला नाही.

ती मालिका आता फोनवर मिळते. मी अलीकडे ती पहिल्या भागापासून शेवटपर्यंत पाहिली, कामासाठी कागदपत्रे तपासते तशी. खांब लाकडी फळ्यांचे आहेत, एकच सैन्य चार लढायांत धावते. ते सोडून देता येईल. पण दत्तक गेलेल्या त्या मुलाची जन्मदात्री एकाही प्रसंगात नाही. तिला नाव नाही, एक वाक्य नाही, गर्दीत उभी असलेली दुरून दिसणारी बाईसुद्धा नाही. एवढ्या सगळ्या झग्यांवर, घोड्यांवर, नगाऱ्यांवर खर्च करणाऱ्यांना एक आई परवडली नाही. काही जण त्या मालिकेला अभिजात म्हणतात. माझ्या लेखी ती खोटी साक्ष आहे, आणि ती मुलांसमोर दिली गेली. दहा वर्षांच्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला दाखवले तेवढेच त्याने पाहिले.

गेल्या वर्षी अम्मा गेली. रघू ओरगडमहून आला, कामाच्याच कपड्यांत. तो तिकडे एका ट्रकच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. अग्नी कोणी द्यायचा असे उपाध्यायांनी विचारले तेव्हा तो एक पाऊल पुढे आला. उपाध्याय हळू आवाजात म्हणाले, “नवरा हयात आहे, तू राहू दे.” तो थांबला. अप्पांनी अग्नी दिला.

लग्न करून दिलेल्या मुलीला आणि दत्तक दिलेल्या मुलाला आईचे सुतक सारखेच असते, थोडके, तीन दिवसांचे. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी एकामागून एक आंघोळ केली आणि मोकळे झालो. रघूला ड्युटीवर जायचे होते, मला ऑफिसला. निघताना वळून पाहिले, तर अप्पा आतल्या खोलीत चटईवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांचे दहा दिवस अजून संपायचे होते.