हात हालते, बाई

कारंज्याच्या बाजारातली आमची बांगडीवाली मावशी गप्पांच्या नादात मनगटावर बांगड्या कधी चढवते, ते कळतही नाही. छातीतल्या धडधडीवर डॉक्टरांनी थोडे दिवसच दिलेली गोळी तिने वर्षानुवर्षं, मनानेच वाढवत घेतली. आता डॉक्टर ती हळूहळू कमी करताहेत, त्यामुळे तिचा हात थरथरतो. ती मात्र लपवत नाही. गिऱ्हाईक बसलं की आधीच सांगते, "गोळीची सवय तोडून राह्यली, बाई. हात हालते. बांगडी फुटली तं माही!" आणि खळखळून हसते.

काल बांगड्या भरताना माझ्या शेजारी बसलेल्या बाईने हळूच विचारलं, "मावशी, मीबी घेते तेच गोळी. सुटते का वं?"

मावशीने बांगड्या बाजूला ठेवून तिचा हात धरला. "सुटते. पण एकदम नोको सोडू. उद्या माह्यासंग दवाखान्यात चाल."